नापास झालेली नमुन्याची शिट्टी

३१ जानेवारीला नाकारलेल्या मालाचं खातं मी बंद केलं, तेव्हा आकडा आला आठ हजार सहाशे दोन रुपये. बेरीज पुन्हा केली, या वेळी खालून वर. तरी आठ हजार सहाशे दोनच. एरवी या खात्यात महिन्याला दोन हजारांच्या आसपास रक्कम पडते. चौपट आकडा म्हणजे एक तर माझा चष्मा बदलायला झाला होता, नाही तर कारखान्यात काहीतरी मोठं बिघडलं होतं. चष्मा मी डिसेंबरातच बदलला होता.

आमचा कारखाना शिट्ट्यांचा. पितळेच्या, आत बुचाची गोळी असलेल्या, खेळाच्या पंचांच्या गळ्यात असतात तशा. महिन्याला चार हजार चारशे शिट्ट्या बनतात आणि त्यातली एकूण एक शिट्टी एकाच माणसाच्या तोंडी लागून पुढे जाते. त्याला सगळे फुंक्या म्हणतात, मालकसुद्धा. पगारपत्रकावर त्याचं खरं नाव आहे, पण ते मोठ्याने वाचलं तर तोच मागे वळून पाहतो, कोण आलंय म्हणून.

फुंक्याची खोली मागच्या बाजूला आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. एक टेबल, एक स्टूल, शिट्ट्या बुडवायला औषधाच्या पाण्याची बादली आणि समोर भिंतीवर आवाज मोजणारा काटा. त्या काट्याच्या तबकडीवर एक लाल रेघ आहे. फुंक्या शिट्टी तोंडात धरतो, फुंकतो, मनात तीन आकडे मोजतो. तेवढा वेळ काटा लाल रेघेवर टिकला तर तो म्हणतो "पास" आणि शिट्टी डावीकडे ठेवतो. नाही टिकला तर "नापास", आणि शिट्टी उजवीकडच्या डब्यात टण्णकन पडते. पंचवीस शिट्ट्यांचा एक ट्रे. ट्रे झाला की वेळ घालून नोंद. अठ्ठावीस वर्षं हेच.

हे दोन शब्द त्याच्या अंगात इतके मुरले होते की तो घरीही तेच बोलायचा. चहा पास, उशी नापास. मुलीला पाहायला मुलगा आला, तेव्हा सगळे बैठकीत अवघडून बसले असताना याने एकदम "पास" म्हटलं आणि सरळ हात धुवायला गेला. लग्न झालं. जावई खरोखर चांगला निघाला.

कारखान्याचा एक नियम मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला: एकच तोंड, एकच दम. शिट्टी दहा जणांनी फुंकली तर दहा मतं येतील, म्हणून फुंकायची फक्त तपासनिसाने. फुंक्याचा दम म्हणजे आमचं वजनमाप. त्यामुळे ऑक्टोबरपासून नापास शिट्ट्या वाढायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला. फुंक्यावर कोणी घेतला नाही.

फोरमन म्हणाला, पितळ हलकं आलंय. मालकांनी पितळवाला बदलला. नोव्हेंबरात नापास एकशे नव्वद. मग फोरमन म्हणाला, साचा झिजलाय. साचा नवा केला. डिसेंबरात दोनशे अडुसष्ट. मग काटा बदलला. जानेवारीत तीनशे चौऱ्याहत्तर.

"आता?" मालकांनी विचारलं.

"टेबल," फोरमन म्हणाला. "टेबलाचं तोंड दाराकडे आहे. आवाज दारातून निघून जातो."

टेबल फिरवलं. फुंक्या दोन दिवस चुकून भिंतीला पाठ करून बसत होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी चार महिन्यांच्या तपासणीच्या वह्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरल्या. आमची ही म्हणाली, "रविवारी तरी या शिट्ट्यांना झोपू द्या." पण मला एक गोष्ट दिसली होती. सकाळच्या पहिल्या ट्रेमध्ये नापास असायची एखादी. दुपारी चारच्या ट्रेमध्ये चार-पाच. सोमवारी कमी, शनिवारी जास्त. एकाच दिवशी, एकाच साच्यातून पडलेला माल अर्धा सकाळी तपासला तर चांगला आणि उरलेला संध्याकाळी तपासला तर वाईट. मी कागदावर तक्ता काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. पितळेला सोमवार-शनिवार कळत नाही. ते कळतं माणसाला.

सोमवारी तक्ता घेऊन फोरमनकडे गेलो. त्याने तो उलटा धरून नीट वाचला आणि म्हणाला, "बरोबर आहे अण्णा. दुपारी पितळ मऊ पडतं."

मग मी जे केलं त्याची मला आजही थोडी लाज वाटते. माझ्या तिजोरीत एका डबीत नमुन्याची शिट्टी असते. कारखाना सुरू झाला तेव्हाची, पोटावर शून्य कोरलेली. वर्षातून एकदा, एक एप्रिलला, फुंक्या ती फुंकतो, काटा लाल रेघेवर जातो, आणि आम्ही सगळे चहा पितो. बाकीचं वर्ष ती कुलपात. अठरा फेब्रुवारीला दुपारी पावणेचारला मी ती खिशात घालून फुंक्याच्या खोलीत गेलो. तो बादलीकडे वळला असताना ट्रेमधली एक शिट्टी काढली आणि तिच्या जागी नमुना ठेवला.

"काय अण्णा, आज इकडे?"

"सहज. तू चालू दे."

तो एकेक फुंकत गेला. अकरावी नमुन्याची होती. त्याने ती न पाहता तोंडात धरली, फुंकली. काटा उठला, लाल रेघेच्या बोटभर खाली थरथरला आणि दोन मोजायच्या आत बसला.

"नापास," फुंक्या म्हणाला. टण्ण.

मी डब्यात हात घालून ती काढली आणि शून्याची बाजू वर करून टेबलावर ठेवली. त्याने ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"अण्णा, ही नमुन्याची."

"हो."

"मी नमुना नापास केला?"

"हो."

"काटा बघा, काटा."

"काटा नवा आहे."

तो स्टुलावर बसला. गाद्यांच्या त्या खोलीत त्याच्या श्वासाचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. दाराच्या फटीतून वारा यावा तसा. "दोन-तीन महिने झाले," तो हळूच म्हणाला, "बूट बांधायला वाकलो की डोकं गच्च होतं. जिन्यात दोनदा थांबतो. खोकला आहेच."

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं शिट्ट्याच जड व्हायला लागल्यात."

मी नमुना उचलून खिशात टाकणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला. "थांबा. नोंद राहिली." आणि त्याने वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: नमुना, नग एक, नापास. मी म्हटलं, अरे हे कशाला? तर म्हणे, "नापास ती नापास. माणूस बघून नोंद करायची नसते." पुढे या एका ओळीने मला फार छळलं.

मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि माझं ऐकून घ्यायच्या आधीच सुरुवात केली.

"भावजी, मी दमले सांगून सांगून! जिना चढताना कुकरसारखा आवाज करतात. शेजारीण विचारते, तुमच्याकडे रोज डाळ शिजते का? खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या झाल्या. तर म्हणे, औषध नापास!"

"नापासच होतं," आतून फुंक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. तंत्रज्ञाने फिल्म उजेडावर धरली, मान तिरकी केली आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"शिट्ट्या तपासतो."

"गिळली-बिळली नाही ना एखादी?"

छातीच्या मधोमध, हृदयाच्या वरच्या अंगाला, मोसंबीएवढी सावली होती. तिथे ती असायला नको, एवढं मलाही कळलं. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, श्वासनळी एका बाजूला ढकलली गेली आहे. कसली गाठ ते सुई घालून तुकडा काढल्यावर कळेल. गुरुवारी सुई. त्याआधी बुधवारी सीटी स्कॅन.

सीटी स्कॅनचा अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी बुधवारी संध्याकाळी स्वतः फोन केला. ते एवढंच म्हणाले, "उद्याची सुई रद्द करा. कोणी कितीही आग्रह केला तरी टोचून घेऊ नका." त्यांनी आम्हाला एका सर्जनबाईंकडे पाठवलं.

बाई बारीक अंगाच्या, केस आखूड, बोलणं तुटक. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. "हे बघा. रंगाचं औषध शिरेतून सोडलं, तेव्हा ते या गाठीत एकदम भरलं नाही. हळूहळू, डबक्यात पाणी पसरावं तसं भरत गेलं. आणि हे पांढरे गोल ठिपके दिसतात?"

आम्ही तिघांनी माना पुढे केल्या. बारीक, गुळगुळीत, गोल ठिपके. पाच.

वहिनींनी तोंडावर हात घेतला. "अगं बाई! शिट्टीतल्या गोळ्या!"

"काय?"

"अहो, शिट्टीच्या आत गोळी असते ना! अठ्ठावीस वर्षं तोंडात धरतात. गेल्या असतील ओढल्या!"

डॉक्टरबाईंना हे समजून घ्यायला थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "गोळी कशाची असते?"

"बुचाची," मी म्हटलं.

"बूच चित्रात असं पांढरं दिसत नाही. हे खडे आहेत. संथ रक्त एका जागी साठून गुठळी होते, ती वर्षानुवर्षं कडक होत जाते, त्याचे हे खडे. म्हणून मला वाटतं, ही रक्तवाहिन्यांचीच गाठ आहे. रक्ताने भरलेल्या स्पंजासारखी. छातीत या जागी ती फार क्वचित होते. सुई घातली असती तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं."

तरीही मी दुसऱ्या दिवशी बुचाच्या गोळ्यांचा साठा तपासला. आलेल्या, वापरलेल्या, शिल्लक. तंतोतंत जुळला. मग मला बरं वाटलं.

फुंक्याने मात्र त्या खोलीत वेगळाच प्रश्न विचारला. "क्वचित म्हणजे शेकडा किती?"

"शेकड्यात येत नाही. मी चोवीस वर्षांत तीन पाहिल्या. तुमची चौथी."

फुंक्या ताठ बसला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही. वहिनींनी ते टिपलं. "बघा! आयुष्यात एक दुर्मिळ वस्तू मिळाली, तीही काढून टाकायची!"

"काढली नाही तर?" मी विचारलं.

"बहुतेक साधी आहे, कॅन्सरची नसावी. पण जागा अडवते. आज हे जिन्यात थांबतात, उद्या बसल्या जागी धाप लागेल." बाईंनी पेनने पडद्यावर एक रेघ दाखवली. "अडचण इथे आहे. श्वासाचा पडदा हलवणारी नस अगदी गाठीला खेटून जाते. तिला धक्का लागला तर डाव्या बाजूचा भाता लुळा पडेल. माणूस जगतो, चालतो-फिरतो. पण..." त्यांनी फुंक्याकडे पाहिलं. "जोरात फुंकण्याचं काम मग होणार नाही."

बाहेर आल्यावर फुंक्या बाकावर बसला आणि गुडघ्यावर बोटांनी तीन-तीन मोजत राहिला. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

मालक त्याला भेटायला घरी गेले, हातात हवेच्या पंपाची माहितीपुस्तिका. मन वाईट नव्हतं त्यांचं, पण पुस्तिका तर होतीच. "तू निवांत बरा हो. तोवर हा पंप तुझं काम बघेल. नळीला शिट्टी लावायची, बटण दाबायचं. जमलं तर जमलं, नाही तर... आपण बघू."

"आणि नाकारलेल्या शिट्ट्या?" फुंक्याने विचारलं. ऑक्टोबरपासूनच्या बाराशे त्रेपन्न शिट्ट्या चार पोत्यांत पडून होत्या.

"वितळवू. जागा अडते."

"मालक, त्यातल्या कितीतरी चांगल्या असतील. त्या नाही, मी नापास होतो."

"मग पंपाने तपासू."

"एकच तोंड, एकच दम," फुंक्या म्हणाला. "तुमच्या वडिलांचा नियम."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाकरून म्हणालो की वर्षअखेर तोंडावर आहे, 'फेरतपासणी बाकी' असा शेरा मारून पोती ठेवता येतील, हिशेबाच्या दृष्टीने ते अधिक बरोबर. नियमात असं काही नाही. पण मालकांनी कॉमर्स केलेलं नाही.

रुग्णालयात दाखल होताना फुंक्याने एकच वस्तू मागितली. नमुन्याची शिट्टी.

"फुंकायची नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं.

"नाही. नुसती उशाशी. बरा झालो की पहिली तीच."

वस्तू कारखान्याची, म्हणून मी रीतसर चिठ्ठी केली: नमुना, नग एक, तात्पुरता दिला. त्याने हाताला सलाईन लावलेलं असताना सही केली. सही अठ्ठावीस वर्षांतली सगळ्यात वाकडी आली. परिचारिका ती चिठ्ठी औषधाची समजून नीट फाईलला लावून गेली आणि मला ती परत मिळवायला अर्धा तास लागला.

उपचाराचे भाग दोन होते. पहिल्या दिवशी जांघेतून एक बारीक नळी आत सरकवत गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपर्यंत नेली आणि त्या आतून बंद केल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापताना रक्त कमी जाईल. हे करताना माणूस जागा असतो. ते डॉक्टर आम्हाला नंतर सांगत होते, "पडद्यावर वाहिनी बंद झालेली दिसली की हे टेबलावरून विचारायचे, पास? तिसऱ्या वेळी मीच म्हणालो, पास."

दुसऱ्या दिवशी छातीचं मधलं हाड उघडून गाठ काढायची होती. साडेचार तास लागले. मी आणि वहिनी बाहेरच्या खुर्च्यांवर. वहिनी पहिला तासभर त्याच्या तक्रारी सांगत होत्या. टॉवेल पलंगावर टाकतात. नातवाला झोपवताना तोंडाने शिट्टीचा आवाज काढतात, पोर जागं होतं. पाहुण्यांसमोर माझी भाजी नापास केली, तीही त्यांच्या बहिणीसमोर. मग त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. म्हणाल्या, "भावजी, मला नाही केलं कधी."

"काय?"

"नापास. एकदाही नाही." आणि पिशवीतला रुमाल शोधायला लागल्या, जो त्यांच्या हातातच होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. गाठ निघाली. आतून डाळिंबासारखी होती, लाल कप्पे-कप्पे. नसेवर मात्र ती घट्ट चिकटलेली. तिथे त्यांनी ओढाताण केली नाही. गाठीची पातळ साल नसेवर तशीच राहू दिली. "साधी गाठ असेल तर तेवढी साल राहिलेली चालते. नस शाबूत आहे असं मला वाटतं. पण ती काम करते का, हे त्यांनी श्वास घेतल्यावरच कळेल."

तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. पोरगेलेशा, हसऱ्या. त्यांनी एक प्लॅस्टिकचं यंत्र आणलं: तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत चेंडू, बाजूला नळी. "काका, ही नळी तोंडात धरायची आणि जोर लावायचा. चेंडू वर गेले पाहिजेत."

फुंक्याने उशी छातीशी धरली, नळी ओठात घेतली, डोळे मिटले आणि फुंकलं. चेंडू जागचे हलले नाहीत.

"काका, फुंकायचं नाही! ओढायचं. आत."

"आत?" फुंक्याने आयुष्यात पहिल्यांदाच असं काही ऐकलं होतं. "आत ओढून काय मिळतं?"

ते समजावण्यात ती सकाळ गेली. दुपारी त्याने ओढलं, नीट, आत. पहिला चेंडू जरासा थरथरला आणि खाली बसला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. चेंडू थरथरायचा आणि बसायचा, अगदी त्या दुपारच्या काट्यासारखा. डॉक्टरबाईंनी कपाळाला आठी घातली. उद्या पडदा हलतो का ते मशीनखाली पाहू, म्हणाल्या. वहिनी एकही तक्रार करत नाहीत हे पाहून मला जास्त भीती वाटली.

फुंक्याने यंत्र हातात घेऊन डावीकडून, उजवीकडून पाहिलं. कानाशी नेलं. मग खाली ठेवून म्हणाला, "हे यंत्र नापास."

व्यायामाच्या बाई हसल्या. वहिनींनी त्यांना सगळी कथा आधीच सांगून ठेवली होती. "काका, तुम्ही तर नमुनाही नापास केला होता ना?"

"तेव्हा मला कळलं नाही, कारण मी बघितलंच नाही. आता बघून सांगतोय. हवा दुसरीकडून येतेय."

"असं सगळेच म्हणतात, काका."

मला तो तक्ता आठवला. चार महिने आम्ही पितळ, साचा, काटा आणि टेबल बदललं आणि माणूस तपासला नाही. आता माणूस तपासत बसलो होतो. मी म्हणालो, "ताई, नवी नळी लावून तुम्हीच एकदा ओढून बघता का?"

"मी? माझे तिन्ही चेंडू जातात."

"म्हणूनच."

त्यांनी दुसरी नळी लावली, ऐटीत ओढलं. पहिला चेंडू थरथरला आणि बसला. त्यांनी पुन्हा ओढलं, गाल आत जाईपर्यंत. चेंडूने ऐकलं नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. बाईंनी यंत्र उजेडावर धरलं. खाली चिकटवलेल्या कागदामागे केसाएवढी चीर होती.

नवं यंत्र आणलं. फुंक्याने उशी धरली, ओढलं. पहिला चेंडू वर गेला आणि तिथेच राहिला. मग दुसरा गेला. तिसरा अर्ध्यावर डुलत राहिला आणि फुंक्याची बोटं उशीवर चालू होती: एक, दोन, तीन.

"पास!" शेजारचे आजोबा ओरडले.

"अहो, त्यांना हसवू नका, टाके दुखतील," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच हसता हसता रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मशीनखाली पडदा दोन्ही बाजूंनी हलताना दिसला. आठ दिवसांनी तपासणीचा अहवाल आला: रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नाही. वर्षातून एकदा स्कॅन करून राहिलेल्या सालीवर लक्ष ठेवायचं, बस.

घरी त्याला तीन महिने विश्रांती होती. तेवढ्या काळात पंपाने कारखान्यात धुमाकूळ घातला. तो सगळ्याच शिट्ट्या पास करायचा. जोरच इतका की वाकडी, चिरलेली, काहीही वाजायची. फोरमनने एकदा गंमत म्हणून नळीला आपलं पेनाचं टोपण लावलं, तेही पास झालं. एका क्रीडा मंडळाने दोनशे शिट्ट्या परत पाठवल्या. सोबत चिठ्ठी: पंच फुंकतो, खेळाडू थांबत नाहीत. मालकांनी पुस्तिका कपाटात टाकली.

डॉक्टरबाईंची परवानगी मिळाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी फुंक्या आला. गाद्यांच्या खोलीत आम्ही सगळे गर्दी करून उभे. मालक, फोरमन, मी, आणि "मला ऐकायचंय" म्हणून वहिनी. त्याने सदऱ्याच्या खिशातून नमुन्याची शिट्टी काढली, पाण्यात बुडवली, झटकली. फोरमनने टेबलाचं तोंड हळूच पुन्हा दाराकडे केलं.

फुंक्याने फुंकलं. काटा सरळ लाल रेघेवर गेला. एक. दोन. तीन. आम्ही श्वास सोडला, पण त्याने सोडला नाही. पाच. सहा. सातला वहिनी म्हणाल्या, "अहो पुरे, पुन्हा गाठ होईल!" तेव्हा तो थांबला.

"पास," मालक म्हणाले. हा शब्द मालकांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

मग त्याने चारही पोती मागवली. रोजचं काम सांभाळून बाराशे त्रेपन्न शिट्ट्या पुन्हा फुंकायला त्याला सात आठवडे लागले. आठशे एक्कावन्न पास झाल्या, चारशे दोन खरोखर नापास. ऑक्टोबरपासून तपासलेल्या वीस हजार शंभर शिट्ट्यांवर जुन्या दराने शेकडा दोन धरले तर नेमक्या तेवढ्याच यायला हव्या होत्या. मी 'फेरतपासणी बाकी' हा शेरा खोडला आणि त्या दिवशी दुपारी एकटाच चहा प्यायलो.

आता माझ्या निवृत्तीला दीड महिना उरला आहे. सगळी खाती मी पुढच्या माणसाच्या हवाली करतो आहे, एक सोडून. नमुन्याची शिट्टी फुंक्या परत देत नाही. गळ्यात दोरीने बांधली आहे, टाक्याच्या खुणेवर बरोबर येते. मी चिठ्ठी दाखवली, तर तो वही उघडून अठरा फेब्रुवारीची ओळ दाखवतो: नमुना, नग एक, नापास.

"पण तूच पुन्हा पास केलीस, सगळ्यांसमोर."

"ती मालकांनी केली. मालक तपासनीस नाहीत. मी 'पास' म्हटलं का? आठवा."

मी आठवलं. त्याने म्हटलं नव्हतं.

"आणि नाकारलेला नग," तो म्हणाला, "कामगाराला मोडीच्या भावात घेता येतो. नियम आहे का नाही?"

नियम आहे. मीच टंकला होता. मालकांनी दुसऱ्या एका शिट्टीवर शून्य कोरून घेतलं आणि ती तिजोरीत ठेवली. मोडीचा भाव नगाला चार रुपये वीस पैसे. फुंक्या म्हणतो, सुटे नाहीत.

चार रुपये वीस पैसे त्याच्याकडून अजून यायचे आहेत.